चौदा पायल्यांवरचं गाव

“साडेआठ तास,” मी बोटांवर मोजून सांगितलं.

जात्याच्या खुंट्यावरचा आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, हात थांबला. “किती?”

“साडेआठ. रात्री साडेदहाला मुंबईतून विमान उडणार आणि सकाळी सातला तिथं उतरणार. हे काय, ह्यांनीच लिहून ठेवलंय कॅलेंडरवर.”

आत्याबाईंना कॅलेंडर दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. अजून पिकला नाही, दिवाळीनंतर काढू, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांनी माझ्या आवाजाकडे मान वळवली आणि तोंडभर हसल्या.

“म्हंजे अमेरिका मुंबईपेक्षा जवळ की गं! आपल्या अंबाजोगाईहून मुंबईला जायला एस्टीला अकरा तास लागायलेत. उगंच घाबरले बाई मी. म्हणलं, सात समुद्र हायेत, महिना-दीड महिना तरी लागंल.”

आणि त्यांनी पुन्हा मूठभर हरभऱ्याची डाळ जात्यात घातली. दळण गिरणीतून आणायचे दिवस कधीचे आले होते, पण भरडा त्या घरीच करायच्या. जातं फिरलं की त्यांचा गळा आपोआप फिरायचा.

*माझ्या गं बाळाजीची वाट आभाळी लागली*
*पाऊल उमटेना कुठं, माती खालीच राहिली*

ही गोष्ट एकतीस वर्षांपूर्वीची. माझ्या लग्नाला एकेचाळीस दिवस झाले होते, आणि ‘हे’ त्या संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोला निघणार होते. तिथल्या एका कंपनीत कॉम्प्युटरची नोकरी. आधी मुंबईला रात्रीची एस्टी, बुधवारचा दिवस दादरच्या मित्राकडे, आणि बुधवारी रात्री विमान. माझा व्हिसा व्हायला वर्ष लागणार होतं. तोवर मी माहेरी श्रीगोंद्याला राहायचं असं दोन्ही घरांनी ठरवलं होतं. शनिवारी अण्णा, माझे वडील, मला न्यायला येणार होते. आत्याबाई एकट्या राहणार होत्या. त्यांना विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “मला काय हुतंय? जातं हाय की सोबतीला.”

माझ्या साडेआठ तासांविषयी मला काडीची शंका नव्हती. माझे अण्णा एस्टीचे ड्रायव्हर. श्रीगोंदा–स्वारगेट सुटते सव्वासहाला, पोचते सव्वानऊला, म्हणजे तीन तास. वजाबाकी मी पाटीवर शिकलेच नाही, डेपोतल्या वेळापत्रकाच्या फळ्यावर शिकले. पृथ्वी फिरते, तिकडे रात्र असते तेव्हा इकडे दिवस असतो, हे मी शाळेच्या परीक्षेत लिहून पाचपैकी पाच गुण मिळवले होते. पण एस्टीच्या वेळापत्रकात पृथ्वी फिरत नसते.

संध्याकाळी गल्ली लोटली. कुणी झेंडूचा हार घातला, कुणी नारळ दिला. शेजारच्या बिडवे काकूंनी अक्षता टाकल्या. चिवड्याच्या बशा फिरल्या. आत्याबाईंनी ह्यांच्या तळहातावर दही ठेवलं आणि चाचपडत त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश, जणू धान्य पारखायचं आहे.

“पोचल्या पोचल्या बिडवे गुरुजींच्या घरी फोन कर रं बाबा.”

“करतो माय. उतरल्या उतरल्या करतो.”

माझ्याकडे बघून हे नुसते हसले. एकेचाळीस दिवसांच्या नवऱ्यानं चारचौघांत आणखी काय करायचं?

---

बुधवारी सकाळी मी उठले तर आत्याबाई योगेश्वरीच्या देवळात गेल्या होत्या. वाट पायाखालची, बरोबर गल्लीतल्या बायका. घर सुनं होतं, आणि घाण. शहाबादी फरशीवर झेंडूच्या पाकळ्या चुरगळल्या होत्या, अक्षता सांडल्या होत्या, चिवड्यातला कढीपत्ता इकडंतिकडं पडला होता, आणि ह्यांच्या बॅगेला बांधायला आणलेल्या सुतळीचे तुकडे. मला वाटलं, त्या दमून येतील, त्यांना घर लख्ख मिळावं. पदर खोचला, केरसुणी घेतली आणि पार पलंगाखालून, दारामागून सगळं झाडून काढलं. केर सुपलीत भरून परसातल्या पत्र्याच्या डब्यात टाकला. मग दोन घागरी घेऊन कोपऱ्यावरच्या नळाला गेले. तिथं रांग होती. तास गेला.

परत आले तर आत्याबाई उंबऱ्यात बसलेल्या, समोर पायरीवर बिडवे काकू.

“आलीस का हेमा?” आत्याबाई म्हणाल्या. “एक सांगायचं राहिलं बघ. पोचल्याचा फोन येईस्तोवर केरसुणीला हात लावू नको हं. जानाऱ्याची पावलं घरात असत्यात. ती झाडली की त्याला परतीची वाट घावत नाही.”

डोक्यावरची घागर डचमळली आणि पाणी मानेवरून पाठीत गेलं.

“आमच्याकडं तर दोन दिवस झाडत नाहीत,” बिडवे काकू म्हणाल्या. “तुझ्या माहेरी पाळत असतील की.”

माझ्या माहेरी कुणी कसं पाळणार? अण्णा रोज पहाटे गावाला जायचे, रात्री यायचे, आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा जायचे. तिथं हे पाळलं असतं तर आमच्या घराचा उकिरडा झाला असता. आईनं ही रीत कधी मोडली नव्हती, तिनं ती धरलीच नव्हती. मला ती ठाऊकच नव्हती.

“हो, पाळतात,” मी म्हणाले.

आयुष्यात बोललेल्या खोट्यांमध्ये हे सगळ्यात छोटं असेल. पण त्याच्याइतकं जड दुसरं आठवत नाही.

आत शिरले. फरशी आरशासारखी चकचकत होती. आत्याबाईंना दिसत नाही म्हणून मी देवाचे आभार मानले आणि लगेच माझीच मला लाज वाटली.

---

गुरुवारी सकाळी साडेसहालाच आम्ही बिडव्यांच्या घरी जाऊन बसलो. फोन लाकडी स्टुलावर, वर विणलेला रुमाल. गुरुजी मुलीकडे लातूरला गेलेले, घरात काकू एकट्याच. त्यांनी चहा टाकला.

सात वाजले. आत्याबाई म्हणाल्या, “आता उतरला असंल.”

साडेसात. “आता बॅग घेत असंल.”

आठ. आत्याबाई साडीच्या काठावरून अंगठा फिरवत राहिल्या.

“गाडीला उशीर होतोच की,” मी म्हणाले. “अण्णांची गाडी पंक्चर झाली की दोन-दोन तास...”

“आभाळात कसलं पंक्चर गं?” काकू म्हणाल्या. मग त्यांनाच आपलं बोलणं नको वाटलं असावं, कारण त्या उठून भांडी वाजवायला लागल्या.

नऊला फोन वाजला. आत्याबाई अशा उठल्या की स्टूलच कलंडलं. काकूंनी रिसीव्हर उचलला. “कोण? अहो तुम्ही होय! नाही, नाही आला अजून. बरं. या.” फोन ठेवून म्हणाल्या, “हे होते. दोनच्या गाडीनं येतायत.”

आत्याबाई परत बसल्या. दहा वाजले. बाहेर वैशाखाचं ऊन गल्लीच्या भिंतीवरून खाली उतरायला लागलं.

“मथुराबाई,” काकूंनी हळूच विचारलं, “घरात कुणी केर तर नाही ना काढला?”

मी बशीतला चहा परत कपात ओतला.

“आमच्या घरात?” आत्याबाई म्हणाल्या. “कोन काढील? मी ही अशी आंधळी, अन् ही नवी पोर. नवीनं कधी आपनहून केरसुणी घेतलेली बघितलीय व्हय तुम्ही?”

काकू हसल्या. मीही हसल्यासारखं केलं.

दुपारी आत्याबाईंना जेवायला घरी आणलं. त्यांनी दोन घास खाल्ले. त्या आडव्या झाल्या तशी मी पाय न वाजवता परसात गेले. मी ठरवलं होतं, डब्यातला केर परत आणायचा. तोच केर, तीच माती. घरभर पसरायचा आणि देवीला म्हणायचं, माझी चूक झाली, हे धर, जसंच्या तसं परत केलं. वेडेपणा होता. पण बी.ए. झालेल्या बाईलासुद्धा उन्हात, अनवाणी, वेडेपणा करावासा वाटतो, हे मला त्या दिवशी कळलं.

डब्याचं झाकण उघडलं. डबा रिकामा होता.

तळाला एक झेंडूची पाकळी चिकटून राहिली होती, बस. आमच्या गल्लीत डबे न्यायला कुणी येत नसे, आठवड्यातून एकदा आम्हीच नाल्याच्या कडेला रिता करायचो. मग कुणी नेला? कुत्र्यानं पाडला? वाऱ्यानं उडाला? परसात कुठं कागदाचा कपटाही नव्हता. मी तिथंच खाली बसले. वाटलं, गेलं. आता परत करायलाही काही राहिलं नाही.

---

आम्ही पुन्हा बिडव्यांकडे जाऊन बसलो. चार वाजता गुरुजी आले. भूगोलाचे मास्तर, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. अजून फोन आला नाही म्हटल्यावर त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि पाणीही न पिता विचारलं, “निघाला किती वाजता? पोचणार किती वाजता?”

मी सांगितलं. “एकूण साडेआठ तास.”

गुरुजींनी माझ्याकडे असं बघितलं जसं वर्गातल्या हुशार पोरीनं गोदावरी अरबी समुद्राला मिळवली असावी.

“साडेआठ तासांत? हेमा, दोरा आण.”

दोरा नव्हता जवळ. आत्याबाईंनी कनवटीला लावलेली, वातींसाठी वळलेली सुताची गुंडी काढून दिली. गुरुजींनी कपाटावरून पत्र्याचा पृथ्वीगोल उतरवला. त्याला आफ्रिकेत पोचा आला होता. त्यांनी विषुववृत्ताभोवती सुताचा एक वेढा घेतला. “हे चाळीस हजार किलोमीटर.” मग मला मुंबईवर बोट ठेवायला लावलं. “मुकुंदा हाँगकाँगवरून जाणार म्हणाला होता. हे हाँगकाँग. आणि हा पॅसिफिक महासागर. आणि हे सॅन फ्रान्सिस्को.” सूत मुंबईहून हाँगकाँगला आणि तिथून त्या निळ्या, ओसाड, संपता न संपणाऱ्या पाण्यावरून पलीकडे गेलं. त्यांनी दोन्ही सुतं शेजारी धरली. “पंधरा हजारांच्या पुढं. आता विमानाचा वेग तासाला नऊशे धर. ड्रायव्हरची पोरगी ना तू? कर भागाकार.”

मी केला. सतरा आले.

मग साडेआठ तासांत विमान कुठं असेल? मी सुताचा मध्य शोधला. मधोमध पाणी होतं. बोट टेकवायला बेटसुद्धा नव्हतं.

“गुरुजी, सात वाजता हे समुद्रावरच होते?”

“कुठले सात?”

“सकाळचे. आजचे.”

“आपले सात की त्यांचे?”

गुरुजींनी गोल फिरवला, खिडकीतलं उतरतं ऊन मुंबईवर घेतलं, आणि सॅन फ्रान्सिस्को पलीकडे काळोखात गेलं. “तिकिटावर ज्या गावाचं नाव, त्या गावचं घड्याळ असतं, पोरी. त्यांचं घड्याळ सध्या आपल्यामागं साडेबारा तास आहे. त्यांचे सात अजून वाजलेच नाहीत! तिथं आत्ता मध्यरात्र उलटून गेलीय. आज संध्याकाळी आपले साडेसात वाजतील तेव्हा त्यांचे सकाळचे सात वाजतील. सतरा तास उड्डाणाचे, वर हाँगकाँगचा थांबा. एकवीस तासांचा प्रवास आहे.”

आत्याबाई इतका वेळ पृथ्वीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “गुरुजी, म्हंजे त्याला उशीर झालाच नाही?”

“नाही वहिनी. आपणच लवकर आलो.”

“एकवीस तास...” आत्याबाई पुटपुटल्या. मग माझ्याकडे वळल्या. “हेमा, मला तास कळत न्हाईत. एक पायली दळायला मला दीड तास लागतोय. एकवीस तासांत किती पायल्या हुतील?”

“चौदा.”

“चौदा पायल्यांवर हाय तर गाव.” त्यांनी मान डोलावली. आता त्यांना अंतर कळलं होतं. खांद्यात, पाठीच्या कण्यात कळलं होतं. “लांबच हाय की मग लेकरू माझं.”

काकू डोळे टिपून हसल्या आणि पुन्हा चहा टाकायला उठल्या. सगळे सुटले होते. मी सोडून. अजून साडेतीन तास ते विमान पाण्यावर असणार होतं. अजून काहीही होऊ शकत होतं. आणि आमच्या परसात एक रिकामा डबा होता.

---

दिवा-बत्ती करून येतो असं सांगून आम्ही घरी आलो. मी त्यांचा हात धरून त्यांना उंबरा ओलांडून दिला आणि तो हात सोडवेना.

“आत्याबाई, मी केर काढला.”

“कवा?”

“बुधवारी सकाळी. तुम्ही देवळात होतात तेव्हा. मला माहीतच नव्हतं हो. माहेरी पाळतात म्हणून सांगितलं ते खोटं सांगितलं. मघाशी परत आणायला गेले तर डबा रिकामा...” पुढचं रडण्यात गेलं.

त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, “रडून झालं की बॅटरी घे अन् पलंगाखाली बघ.”

मी गुडघ्यांवर बसून बॅटरी मारली. पलंगाखाली, पार भिंतीच्या कडेला, झेंडूच्या पाकळ्या होत्या. अक्षता होत्या. वाळलेला कढीपत्ता, सुतळीचे तुकडे, आणि ह्यांच्या चपलांच्या टाचांतून आलेली गल्लीतली तांबडी माती. ढीग नव्हता. सगळं हातानं नीट पसरलं होतं. मातीत बोटांच्या चार-चार रेघा उमटल्या होत्या, अंगणात सारवताना उमटतात तशा.

“तुम्हाला दिसलं होतं?”

“मला दिसतंय कुठं बाई? देवळातून आले, उंबऱ्यातून पाय आत ठिवला, अन् तळव्याला अक्षता टोचल्या न्हाईत. फरशी गार, गुळगुळीत. म्हणलं, सूनबाईनं घर काय सुरेख झाडलंय!” त्या हसत होत्या. “मंग डबा हुडकला. सुपात घेतला अन् आणून पसरला, तू पाण्याहून यायच्या आत. हितं भाईर टाकला असता तर तुला दिसला असता.”

“मग मला बोलला का नाहीत?”

“बोलून काय करनार हुतीस? दोन दिस रडली असतीस, आत्ता रडलीस तशी.”

त्या जात्याशी जाऊन बसल्या. बसल्या की आधी पाळीवरून हात फिरवायची त्यांची सवय होती.

“मुकुंदाचे वडील एकदा हैदराबादेला गेलते. मी बी तुझ्यासारखीच, नवी. घर झाडून काढलं. अन् त्यांची गाडी बंद पडली, तीन दिस उशिरा आले. आले धडधाकट! येताना मला बांगड्या घेऊन आले. पन माझ्या सासूनं त्ये तीन दिस मला मरंस्तोवर ऐकवले. भाकरी करपली तरी त्येच, गाय आटली तरी त्येच. काल डबा हातात घेतला तवा त्येच आठवलं. म्हणलं, ह्ये आपल्यापाशीच संपू दे.”

मी त्यांच्या मांडीला टेकून बसले. “पण खरंच काही होतं का हो? केर काढल्यानं?”

“काय म्हाईत बाई. हुत नसंल बी.” त्यांनी खुंटा धरला, पण फिरवला नाही. “पन जानाऱ्यासाठी आपल्या हातात दुसरं असतंय तरी काय? इमान काय मी धरून ठिवनार हाय? केरसुणी तेवढी धरून ठिवता येती.”

---

फोन साडेआठला आला. ह्या वेळी स्टूल पडलं नाही, कारण आत्याबाईंनी ते गुडघ्यांत घट्ट धरून ठेवलं होतं.

“माय, पोचलो!”

“पोचलास?” त्या एवढ्या जोरानं ओरडल्या की फोनची गरज नव्हती. “जेवलास का?”

“अगं, सकाळ आहे इथं. आठ वाजलेत.”

“कुठला वार?”

“गुरुवारच.”

“आमचा गुरुवार तर सरला की रं! तुझा आता उगवला व्हय? बरं, नीट वापर.”

गुरुजी खो-खो हसले. माझ्या हातात रिसीव्हर आला. मधे खरखर, आणि तिच्या पलीकडून, पंधरा हजार किलोमीटरांवरून, ह्यांचा श्वास.

“हेमा? घाबरला नाहीत ना तुम्ही?”

“छे,” मी म्हणाले. “एकवीस तास लागतात, ठाऊक होतं आम्हाला.”

आत्याबाईंनी मला कोपरानं असं ढोसलं की ती जागा दोन दिवस दुखत होती.

घरी येताच मी केरसुणी उचलली. “आता तरी झाडू का?”

“दिवेलागणीनंतर लक्ष्मी झाडतीस व्हय? अवघड हाय बाई तुझं. ठिव खाली. सकाळी.”

आणि त्या जात्यावर बसल्या. मीही समोर बसले, खुंट्याला दुसरा हात दिला. आयुष्यात पहिल्यांदा. एरवी दळताना हात भरून येतात म्हणतात, माझे हलके होत गेले.

*दिस हितं मावळला, तितं झुंजुरमुंजुर*
*माझ्या गं राघूपायी एका सूर्व्याला दोन घर*

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघींनी मिळून घर झाडलं. पलंगाखालचं त्यांनी स्वतः काढलं, मला हात लावू दिला नाही.

शनिवारी अण्णा आले. डेपोतून सुट्टी काढून, नव्या शर्टात. “भरली का बॅग?”

“अण्णा, मी इथंच राहते. दिवाळीनंतर आत्याबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे.”

आत्याबाई आतून म्हणाल्या, “जाऊ दे हो व्याही, न्या तिला. पोरीला माहेर नको का?” पण हे म्हणताना त्यांनी जातं थांबवलं होतं, आणि उत्तर येईपर्यंत ते थांबलेलंच राहिलं.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, जात्याकडे बघितलं. जास्त बोलायची त्यांना सवय नव्हती. जेवले आणि परतीच्या गाडीला निघाले. पायरीवर वहाणा घालता घालता म्हणाले, “मुकुंदरावांचं विमान किती तासांत गेलं?”

“एकवीस. पंधरा हजार किलोमीटर.”

अण्णांनी डोळे मिटून मनात भागाकार केला. “थांबे धरून तासाला सातशे पडले. बरी आहे गाडी.”

ते गेल्यावर मी केरसुणी दाराआड उभी करून ठेवली. अण्णा रात्री श्रीगोंद्याला पोचेपर्यंत आम्ही तिला शिवलो नाही. ड्रायव्हर झाले म्हणून काय झालं?

---

पुढच्या वैशाखात माझा व्हिसा आला. आत्याबाईंचे डोळे एव्हाना लख्ख झाले होते. जाड भिंगांचा चष्मा लावून त्या स्वतः कॅलेंडर वाचत. मी निघाले तेव्हा त्यांनी माझ्या तळहातावर दही ठेवलं. चेहऱ्यावरून हात फिरवायची आता गरज नव्हती, तरी फिरवला.

“चौदा पायल्या,” त्या म्हणाल्या. “दमू नको मधे.”

एकवीस तासांनी मी उतरले. हे समोर उभे होते. मी आधी फोन कुठं आहे ते विचारलं. ह्यांनी नाणी काढून दिली. बिडव्यांच्या घरी घंटी वाजायच्या आतच कुणीतरी रिसीव्हर उचलला.

“आत्याबाई, पोचले! नीट पोचले. आता केर काढा.”

तेव्हा बोलणं पोचायलाही वेळ लागायचा. खरखर झाली. मला वाटलं फोन कटला. मग त्यांचा आवाज आला. त्या दिवशी त्या ओरडल्या नाहीत, शेजारी बसून बोलाव्यात तसं बोलल्या.

“आता मला समदं दिसायलंय गं. तुझ्या पायाची माती उंबऱ्यापाशी हाय. एवढी काय घाई? राहू दे चार दिस.”